‘आततायी’ या शब्दाची एक दुरुस्ती

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी वाईत राहतो. 1974 पासून 42 वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं, म्हणजे दुसऱ्याच्या काना-मात्रा-वेलांटीवर पोट भरलं. त्यामुळे आळीत कुणाला शब्द अडला की पावलं माझ्याकडे वळतात. लग्नपत्रिकेतल्या ‘आशीर्वाद’मधली वेलांटी पहिली की दुसरी, दुकानाच्या पाटीवर ‘उपाहारगृह’ की ‘उपहारगृह’, असले प्रश्न. (‘उपहार’ लिहून लोक वर्षानुवर्षं वडे विकतात आणि कुणाचं काही अडत नाही, हेही मी आता मान्य केलं आहे.)

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मागच्या वाड्यातला एक मुलगा आला. नाव लिहीत नाही. चहा झाला, पाऊसपाणी झालं, आणि मग त्याने पाकिटातून चार घड्या घातलेलं एक कात्रण काढलं. घडीवर कागद पिवळा पडून फाटायला आला होता.

“काका, आततायी म्हणजे काय हो?”

मी जिभेवर असलेलं उत्तर देऊन टाकलं. “विचार न करता वागणारा. आगापिछा न बघणारा.” मग चष्मा लावून कात्रण वाचलं. आत्महत्येच्या प्रयत्नाची दोन वर्षांपूर्वीची बातमी, सहा ओळींची. मथळा होता, ‘क्षुल्लक कारणावरून युवकाचे आततायी पाऊल’. खाली आडनाव, वय, गल्ली, सगळं. तो युवक माझ्यासमोर बशीत बिस्कीट बुडवत बसला होता.

“मग हे चुकीचं छापलंय,” तो म्हणाला. घराचा नंबर चुकलाय म्हणावं इतक्या साध्या आवाजात. “मी दहा महिने दुसरं काहीच करत नव्हतो, काका. विचारच करत होतो. थांबतच नव्हता.”

संपादक महोदय, त्या वाक्यासाठी हे पत्र आहे. माझं सगळं आयुष्य चुका शोधण्यात गेलं, पण ही चूक मला कधी दिसली नव्हती. हा शब्द मी स्वतः शेकडो बातम्यांत तपासून पुढे पाठवला असेल. लोक ‘आतातायी’ लिहितात, त्यातला जादा काना मी न चुकता काढत असे. (तो काना कुठून येतो तेही सांगतो. ‘आता’वरून असावा. आत्ताच्या आत्ता हवं म्हणणारा तो आतातायी, असं लोकांच्या मनाने ठरवून टाकलं आहे.) काना काढला की काम संपलं असं मला वाटायचं. शब्द शुद्ध, तर बातमी शुद्ध.

मूळ शब्द संस्कृत, आणि चांगलाच रक्ताळलेला. ‘आतत’ म्हणजे ताणलेलं. इथे ताणलेलं आहे ते धनुष्य. पुढचा भाग ‘जाणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. म्हणजे प्रत्यंचा ओढून समोरच्यावर चालून जाणारा तो आततायी. वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धर्मसूत्रात त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन लुबाडणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन म्हणतो की या आततायींना मारून आम्हाला पापच लागेल, तेव्हा कौरवांबद्दल तो हाच शब्द वापरतो, आणि तो नेमका आहे. लाक्षागृहाची आग, भीमाला घातलेलं विष, द्यूतात गेलेलं धन आणि राज्य, भरसभेतली द्रौपदी. यादी जवळजवळ पूर्ण होते.

आता या सहा जणांकडे जरा नीट बघा. विष घालणारा माणूस कधी उतावीळ असतो का? त्याला विष मिळवावं लागतं, ताट कुणाचं ते बघावं लागतं, हसतमुखाने वाढावं लागतं. शेत बळकावणारा तर पिढ्यान्‌पिढ्या धीर धरतो. बांध दरवर्षी वीतभर सरकवतो. हे लोक दुष्ट आहेत, पण अविचारी? छे. पक्के विचारी. मूळ आततायी विचार करून गुन्हा करणारा होता.

आणि गंमत पुढेच आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात या आततायीचं काय करायचं ते सांगितलं आहे. गुरू असो, लहान असो, म्हातारा असो, आततायी होऊन अंगावर आला तर ‘हन्यादेवाविचारयन्’, विचार न करता मारावाच. अविचार तिथे आहे, पण तो मारणाऱ्याच्या बाजूला. मराठीत येईपर्यंत तो एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला. गुन्हेगार आणि त्याच्यावर धावून जाणारा, दोघांची धावपळ एकाच दृश्यात मिसळली, आणि शब्द हाताला सोडून डोक्याला चिकटला, असा माझा तर्क.

हिंदीत तसं झालं नाही. तिथे आततायी अजून जुलमी, अत्याचारीच आहे. याचा चटका मला घरात बसलेला आहे. सूनबाई भोपाळकडच्या, मराठी आता आमच्यापेक्षा बरं बोलतात, पण लग्नानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीची गोष्ट. नातवाने ओट्यावरच्या उकळत्या दुधाच्या पातेल्याचा काठ धरून ओढला. थोडक्यात वाचला. मी ओरडलो, “काय आततायी पोर आहे हे!” सूनबाई दिवसभर बोलल्या नाहीत. रात्री मुलाने येऊन सांगितलं, “बाबा, तुम्ही दोन वर्षांच्या पोराला नराधम म्हणालात असं तिला वाटलंय.” मी शब्दकोश काढून समजूत घालायला गेलो. शब्दकोश काढणं ही दुसरी चूक होती, कारण त्यात तिचाही अर्थ होता.

पण माझा या शब्दाशी पहिला झगडा त्याच्याही कितीतरी आधीचा, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला. छापखाना लहान. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या केसा, पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, मालक, दोन कंपोझिटर आणि मी. रुद्राची एक छोटी पोथी छापायला आली होती. वाईत अशी कामं येत. एका वृद्ध गुरुजींनी स्वतः दोन प्रुफं वाचून, प्रत्येक पानावर सही करून परत दिली होती. फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांचा साचा, मशीनवर चढला. शेवटची नजर टाकायची म्हणून मी मशीन प्रूफ हातात घेतलं, आणि दुसऱ्या अनुवाकात, म्हणजे दुसऱ्या भागात, थबकलो. ‘नमो रुद्रायातताविने’. मला गीतेचा पहिला अध्याय शाळेत पाठ झालेला होता, ‘आततायिनः’ मला ठाऊक होतं. ‘वि’ कुठून आली? खिळा चुकला! गुरुजींच्या नजरेतून सुटलेली चूक आपल्याला सापडली याचा आनंद काय वर्णावा. कंपोझिटरच्या हातून चिमटा घेतला, ‘वि’ काढली, ‘यि’ बसवली आणि “घे” म्हटलं. कुणाला विचारलं नाही. 500 प्रती निघाल्या.

गुरुजी पोथ्या न्यायला आले. पहिलीच प्रत उघडली, बोट बरोबर त्या जागी गेलं. ते चिडले नाहीत. “हे कुणी केलं?” मी पुढे झालो. म्हणाले, “बाळ, तू शब्द बरोबर लिहिलास, पण दुसऱ्याच्या घरचा.” मग त्या शाईच्या वासात उभं राहून त्यांनी समजावलं. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत पाठ आहे ‘आतताविने’. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत तोच मंत्र ‘आततायिने’ असा येतो. अर्थ एकच, ताणलेल्या धनुष्याच्या रुद्राला नमस्कार. एका आळीत दोन घरं, दोन पाठ, दोन्ही शुद्ध. हात पुढे करून त्यांनी धनुष्य ओढल्यासारखं दाखवलं आणि म्हणाले, पुढच्याच अनुवाकात ‘आतन्वानेभ्यः’ येतं बघ, दोरी ताणणाऱ्यांनाही नमस्कार आहे. हा आततावी देव आहे. भीती वाटते म्हणूनच तर हात जोडायचे.

500 प्रतींतल्या त्या एका शब्दावर मी पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. खळ स्वतः शिजवली. तीन रात्री लागल्या, आणि कागदाचे पैसे मालकांनी पगारातून कापले. ‘आततायी’ शब्द सुधारताना केलेला तो आततायीपणा अस्सल होता. विचार केला असता तर पाच मिनिटांत गुरुजींच्या घरी जाऊन विचारून आलो असतो.

शब्दांचं नशीब कसं फिरतं बघा. ज्या व्यवहारप्रकरणात, म्हणजे न्यायनिवाड्याच्या भागात, आततायी येतो त्या प्रकरणाचं नाव ‘साहस’. धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा, दरोडा, उघड हिंसा. चोरीहून वाईट. ‘सहस्’ म्हणजे जोर, बळ, त्यावरून आलेला. आज आपण पोरांना साहसी शिबिराला पाठवतो आणि पैसे भरतो. साहस गुन्ह्यातून वर चढून सद्गुण झालं, आततायी गुन्ह्यातून घसरून स्वभाव झाला. त्याच घरातलं ‘सहसा’ तर आणखी लांब गेलं. संस्कृत कवी भारवीची ओळ आहे, ‘सहसा विदधीत न क्रियाम्’, एकाएकी, विचार न करता काही करू नये. आमच्या छापखान्यातल्या एका कंपोझिटरने ती जुळवताना मराठीतून वाचली आणि म्हणाला, “सहसा काम करू नये? हे तर सरकारी कचेरीत लावायला हवं.”

असो. अर्थ बदलतात, बदलू देत. आततायी म्हणजे अविचारी हा अर्थ मराठीने घेतला, तो आता मराठीचा आहे. मी कुणाला वसिष्ठाकडे परत जायला सांगत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. जो अर्थ आज आहे, तोच लावून ती बातमी वाचा. ‘आततायी पाऊल’ म्हणजे विचार न करता उचललेलं पाऊल. हे वार्ताहराला कुणी सांगितलं? पोलीस ठाण्यातल्या नोंदीत असं काही नसतं. तिथे वेळ, ठिकाण, खबर देणाऱ्याचं नाव असतं. ‘आततायी’ आपण इथे, टेबलावर बसून घालतो. आणि ‘क्षुल्लक कारणावरून’ हे त्याचं जुळं भावंड. या मुलाचं क्षुल्लक कारण काय होतं? चार वर्षं पुण्यात एका खोलीत सहा जण राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, तीन वेळा थोडक्या गुणांनी हुकलेली पूर्वपरीक्षा, मेसची थकबाकी, वडिलांनी विकलेली म्हैस, आणि प्रत्येक सणाला गावात “झालं का रे काही?” हे सगळं सहा ओळींत मावत नाही, कबूल. म्हणून त्याला क्षुल्लक म्हणायचं?

तो सांगत होता, त्या दहा महिन्यांत झोप तीन तासांवर आली होती. मित्राच्या लग्नाला गेला, जेवला, फोटोत हसला. त्या फोटोतही तेच चाललं होतं म्हणाला, डोक्यात. कुणाला बोलला का? दोघांना, आडून. एकाने “असं वेड्यासारखं बोलायचं नाही” म्हणून विषय बदलला. दुसऱ्याने त्याला चहा पाजला. आज वाचला आहे तो वेळेवर कुणीतरी दार ठोठावलं म्हणून, आणि उभा आहे तो साताऱ्याच्या एका डॉक्टरबाईंमुळे. गोळ्या अजून चालू आहेत, त्यांनी वजन वाढलं अशी त्याची तक्रार आहे. हल्ली पाचगणीत हिशेबाची नोकरी करतो. रोज पसरणीच्या घाटाने एसटीने वर-खाली.

पण शुद्धीवर येऊन घरी परतल्यावर त्याने सगळ्यात आधी वाचली ती ही बातमी. कुणीतरी जपून ठेवली होती. गावाने ती आधीच वाचलेली. आईला येणारा-जाणारा म्हणे, “पोरगं जरा आततायीच हो तुमचं.” एका शब्दाने आजाराचा स्वभाव करून टाकला. आजार असता तर माणसं चौकशी करत, फळं घेऊन येत. स्वभावाला औषध नाही, असं आपल्याकडे म्हणतातच.

कायदा या बाबतीत आपल्या मथळ्यांच्या पुढे गेला आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या 115 व्या कलमात म्हटलं आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं, तिच्यावर खटला चालवू नये, आणि तिला उपचार व आधार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. ‘तीव्र ताण’. मी ते दोन शब्द वाचले आणि चष्मा काढून ठेवला. ताण, ताणणं, गवयाची तान, विणकराचा तंतू, सतत, संतती, सगळ्यांचा धातू एकच, तन्. ‘आतत’ही त्याचाच. दहा महिने ताणून धरलेली दोरी. मुळाशी गेलं तर हा शब्द त्या मुलाबद्दल खरं बोलत होता म्हणायचा. पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या हाती धातुकोश नसतो. व्युत्पत्तीच्या आडोशाने हा मथळा कुणी योग्य ठरवू नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

अविचारासाठी आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच शब्दांनी भलत्यालाच धरलं आहे. ‘घिसाडघाई’ घ्या. घिसाड्यांच्या, म्हणजे भटक्या लोहारांच्या, कामावरून हा आला असं मानतात. लहानपणी बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या पालापुढे तासन्‌तास उभा राहायचो. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर फिरवतो, बायको दोन्ही हातांनी घण डोक्यावरून आणून घालते, पोर भाता ओढतं. विळ्याचं पातं लाल आहे तोवरच ठोकायचं. काळं पडलं की पुन्हा भट्टीत. ती घाई नव्हे, ते काम येणं आहे. लांब उभ्या राहिलेल्या शहाण्याला ती घाई दिसली, आणि शब्द मात्र त्याचा टिकला.

तर ‘आततायी’ हद्दपार करा असं मी म्हणत नाही. त्याला भरपूर काम आहे. पसरणीच्या घाटात आंधळ्या वळणावर एसटीला मागे टाकणारा मोटारवाला आततायी आहे. मोबाइलवर आलेला मजकूर न वाचता पन्नास जणांना ढकलणारा, आणि मग दगड हातात घेऊन चौकात जमणारा आततायी आहे. तो तर जुन्या-नव्या दोन्ही अर्थांनी. मशीनवर चढलेल्या फर्म्यातला खिळा न विचारता बदलणारा 21 वर्षांचा मुद्रितशोधक आततायी होता. पण आत्महत्येच्या बातमीत हा शब्द नको. ‘क्षुल्लक कारण’ नको. कारणच नको, कारण ते आपल्याला ठाऊक नसतं. नाव, गल्ली नको. ‘आत्महत्येचा प्रयत्न’ असे दोन साधे शब्द पुरेत, आणि उरलेल्या जागेत 14416 हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक छापावा. तो फुकट आहे, रात्रीही उचलतात, आणि मराठीतून बोलता येतं. त्या मुलाला तो क्रमांक बाहेर पडल्यावर कळला, दवाखान्याच्या भिंतीवरून.

तुमच्या कचेरीत आता मुद्रितशोधक उरलेत की नाही कोण जाणे. असतील तर हे पत्र कृपया त्यांना दाखवा. ते काना काढतील तेव्हा शब्दही बघतील.

निघताना तो मुलगा कात्रण माझ्याकडेच ठेवून गेला. “तुम्ही दुरुस्त करून टाका,” म्हणाला. ते या पत्रासोबत जोडलं आहे. लाल शाईच्या खुणा माझ्या. नावावर आणि गल्लीवर पातळ कागदाची पट्टी चिकटवली आहे, ती काढू नये. कात्रण परत पाठवण्याची आवश्यकता नाही.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
वाई, जि. सातारा